३१६जे ड्रायव्हर आणि त्याच्यापुढे ४४एच११-४५एच११ ची बफर जोडी: दीड वर्ष वापरून झाल्यावर

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचा ९० किलोवॅटचा ब्लोअर ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारा) भोसरीला आमच्या टेबलावर आला तेव्हा त्याचा ड्रायव्हर बोर्ड, म्हणजे पॉवर स्विचना चालू-बंदचा सिग्नल देणारा बोर्ड, पार काळा झाला होता, ट्रॅक उचकटलेले, आयसीवरचे नंबर वाचता येत नव्हते, आणि बनवणाऱ्या कंपनीकडे विचारलं तर उत्तर आलं की हे मॉडेल बंद झालं, नवीन ड्राइव्ह घ्या. मेंटेनन्सचे साहेब म्हणाले, "दादा, नवीन घ्यायला मॅनेजमेंट तयार नाही, पॉवर सेक्शन चांगला आहे, ड्रायव्हर तेवढा तुम्हीच बनवा." तर बनवला. त्यात जे वापरलं त्याचा हा रिव्ह्यू आहे, कारण हे पार्ट घेण्याआधी मराठीत कुठं काही वाचायला मिळतंय का म्हणून मी बरंच शोधलं होतं आणि मिळालं नव्हतं.

मुख्य आयसी एचसीपीएल-३१६जे. मूळचा हा एचपी-एजिलेंटच्या ऑप्टोकप्लर घराण्यातला, मग २००५ मध्ये अवागो झालं, आणि २०१६ पासून ब्रॉडकॉम. नाव बदलत गेलं तरी नंबर तोच राहिला, त्यामुळे जुन्या ड्राइव्हमध्ये हा १६ पायांचा आयसी आजही सारखा दिसतो. आत एवढं काही आहे की मला तो स्वस्तच वाटतो: ऑप्टिकल आयसोलेशन म्हणजे प्रकाशातून सिग्नल नेऊन कंट्रोलर हाय व्होल्टेजपासून वेगळा ठेवणं, अंडरव्होल्टेज लॉकआउट म्हणजे सप्लाय कमी पडला की आउटपुट बंद ठेवणं, डेसॅट म्हणजे आयजीबीटी (मोटरचा करंट चालू-बंद करणारा पॉवर स्विच) शॉर्टमध्ये गेला की कलेक्टरचा व्होल्टेज बघून ओळखणं, ओळखल्यावर गेट (आयजीबीटीचा कंट्रोलचा पाय) हळू उतरवणं, आणि फॉल्टचा सिग्नल आयसोलेशन ओलांडून कंट्रोलरकडे परत पाठवणं. फॉल्ट पिन ओपन कलेक्टर आहे म्हणून सहाही ड्रायव्हरचे फॉल्ट एका तारेवर बांधता येतात, एक पडला की सगळं बंद. एकदा फॉल्ट आला की तो धरून ठेवतो, रीसेट पिन खाली ओढेपर्यंत सोडत नाही, आणि फाउंड्रीसारख्या जागी हे फार चांगलं आहे, कारण तिथला ऑपरेटर स्टार्टचं बटण परत परत दाबत बसतो.

अडचण एकच. या आयसीचा आउटपुट पीक करंट जास्तीत जास्त २.५ अँपियर, आणि डेटाशीटच सांगतं की १५० अँपियर, १२०० व्होल्टपर्यंतचे आयजीबीटी थेट चालवा. माझ्यासमोर होते ४५० अँपियर १२०० व्होल्टचे तीन हाफब्रिज मॉड्यूल, गेट चार्ज जवळपास ३ मायक्रोकूलॉम. गेटवर साधारण २२ व्होल्टचा स्विंग धरला, तर २.५ अँपियरच्या आत राहायला एकूण गेट रेझिस्टन्स ९ ओहमच्या आसपास ठेवावा लागतो. एवढ्या मोठ्या मॉड्यूलला ९ ओहम म्हणजे स्विचिंग सुस्त, लॉस वाढणार, हीटसिंक तापणार. मला बाहेर ३.३ ओहम हवे होते, मॉड्यूलच्या आतले दीडेक धरून ४.८, म्हणजे पीक करंट ४.६ अँपियर. आयसीच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून मध्ये बफर, म्हणजे आयसीचा सिग्नल तसाच पण जास्त करंटने गेटला देणारा टप्पा.

बफर म्हणजे काही मोठं प्रकरण नाही, एक एनपीएन वर, एक पीएनपी खाली, दोघांचे बेस एकत्र, दोघांचे एमिटर एकत्र, तिथून गेट रेझिस्टर. जोडी कुठली घ्यायची हेही डेटाशीटमध्येच लिहिलेलं आहे: ८ अँपियरपर्यंत एमजेडी४४एच११ आणि एमजेडी४५एच११, त्यापुढे १५ अँपियरपर्यंत डी४४व्हीएच१० आणि डी४५व्हीएच१०. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या आयएसओ५८५२एस या ड्रायव्हरच्या कागदातही हीच नावं आहेत, म्हणजे या जोडीवर बऱ्याच लोकांचा विश्वास आहे. मी पहिली घेतली, डीपॅकमध्ये येते, ८० व्होल्टची आहे, जागा कमी खाते आणि दोन्ही मिळून शंभर रुपयांच्या आतबाहेर पडतात.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी मी एवढं टाइप करतोय. बफर लावणं सोपं आहे पण बफर लावताना ड्रायव्हरचं संरक्षण अर्ध्यात तुटतं, आणि तुटलंय हे कळत नाही, कारण ड्राइव्ह नॉर्मल लोडवर मस्त चालतो. मी रिपेअरसाठी आलेले, दुसऱ्या कुणीतरी बनवलेले बदली बोर्ड बरेच पाहिले आणि त्यातल्या कित्येकांवर आयसी आहे, ट्रान्झिस्टर आहेत, पण मधला एक छोटा कपॅसिटर नाही. १० नॅनोफॅरडचा. आणि तोच नसेल तर ३१६जे सारखा आयसी घालून उपयोग काय झाला?

नीट सांगतो. डेसॅट लागला की ३१६जे आतला मोठा पुलडाउन (आउटपुट खाली ओढणारा स्विच) चालू करत नाही, त्याऐवजी एक बारकासा चालू करतो जो साधारण १६० मिलीअँपियरच खेचतो. गेटवरचा चार्ज त्या बारक्या करंटने हळू रिकामा होतो, आयजीबीटी हळू बंद होतो. गेटचा व्होल्टेज निगेटिव्ह सप्लायपेक्षा फक्त २ व्होल्ट वर उरला की मग मोठा पुलडाउन येऊन पक्का दाबून धरतो. सुंदर विचार केलाय. पण ही सगळी गणितं गेट थेट आयसीला जोडलेलं आहे असं धरून आहेत. मध्ये पीएनपी आला की तो १६० मिलीअँपियर बेस करंट होतो, आणि या ट्रान्झिस्टरचा गेन २ अँपियरला कमीत कमी ६० आहे. म्हणजे गेटमधून गेट रेझिस्टर परवानगी देईल तेवढा पूर्ण करंट खेचला जातो, आणि हळू बंद व्हायचं तिथं तो फाडकन बंद होतो, अगदी नेहमीसारखा.

शॉर्टमध्ये फाडकन बंद झालं तर काय होतं ते आकड्यात बघा. ४५० अँपियरचा मॉड्यूल शॉर्टमध्ये नॉमिनलच्या चौपट करंट सहज घेतो, म्हणजे १८०० अँपियर. बसबारचा आणि मॉड्यूलचा मिळून ५० नॅनोहेन्री इंडक्टन्स धरा, हे चांगलं लेआउट असताना. १८०० अँपियर ०.१ मायक्रोसेकंदात तुटला तर ९०० व्होल्टचा स्पाइक. ४१५ व्होल्ट मेन्सवर डीसी बस ५८७ च्या आसपास, बेरीज १४८७. मॉड्यूल १२०० चा. गेला. तोच करंट ०.६ मायक्रोसेकंदात उतरला तर स्पाइक १५०, बेरीज ७३७, मॉड्यूल जिवंत. ड्रायव्हरने शॉर्ट ओळखला, वेळेत बंद केला, फॉल्टही पाठवला, आणि मॉड्यूल मात्र बंद करतानाच उडाला, असं होतं. मग लोक म्हणतात डेसॅट काम करत नाही.

यावर उपाय म्हणजे बेसच्या जोडापासून निगेटिव्ह सप्लायला १० नॅनोफॅरड आणि आयसीचा आउटपुट ते बेस यांच्यामध्ये १० ओहम. बस एवढंच. आता तो बारका १६० मिलीअँपियर या १० नॅनोफॅरडला रिकामा करायला लागतो, २४ व्होल्ट उतरायला १० नॅनो गुणिले २४ भागिले ०.१६, म्हणजे दीड मायक्रोसेकंद. ट्रान्झिस्टर एमिटर फॉलोअर आहेत, बेस जसा उतरेल तसा एमिटर मागे मागे ०.७ व्होल्टचं अंतर ठेवून उतरणार, म्हणजे गेटही दीड मायक्रोसेकंदात सावकाश उतरला. मला यातलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे हे आकडे हवेतून आलेले नाहीत, ३१६जेच्या स्विचिंग टेस्टसुद्धा १० ओहम आणि १० नॅनोफॅरडवरच घेतलेल्या आहेत, म्हणजे आयसीला वाटतं माझ्यासमोर एक ठराविक छोटा आयजीबीटी आहे, आणि त्या छोट्या आयजीबीटीची नक्कल बफर मोठ्या मॉड्यूलवर करतो. हे समजलं त्या दिवशी मला खरंच आनंद झाला होता.

हे समजण्याआधी मी स्वतः दोन चुका केल्या, त्या लिहितो म्हणजे तुमचे पैसे वाचतील. पहिल्या बोर्डावर मी ट्रान्झिस्टरऐवजी पी आणि एन मॉस्फेटची जोडी लावली होती, वाटलं की स्विच जास्त चांगला, ड्रॉप नाही. पण ती जोडी सिग्नल उलटा करते. उलट्या बफरमध्ये ड्रायव्हर सप्लाय कमी पडला म्हणून आउटपुट खाली नेतो आणि बफर गेट वर नेतो, म्हणजे जिथं आयजीबीटी बंद राहायला पाहिजे तिथं चालू. डेटाशीटमध्ये स्पष्ट लिहिलंय की इनव्हर्टिंग बफर डेसॅटच्या सर्किटशी जमत नाही, टाळा. मी ते वाक्य वाचलं नव्हतं. शिवाय व्होल्टेज हळू बदलतो तेव्हा दोन्ही मॉस्फेट एकदम अर्धे चालू राहतात आणि सप्लाय शॉर्ट करतात, माझे दोन तिथंच गेले.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. तयार गेट ड्रायव्हर आयसी मिळतात ना, आयएक्सडीएन६०९ सारखे, ९ अँपियरचे, नॉन-इनव्हर्टिंग. मला वाटलं हा तर उलटा करत नाही, लावू. नॉर्मल स्विचिंगला झकास चालला, वेव्हफॉर्म एकदम कडक. पण त्याच्या इनपुटला ठराविक थ्रेशोल्ड असतो, वर असेल तर पूर्ण चालू, खाली गेला की पूर्ण बंद. ३१६जे बिचारा व्होल्टेज हळू उतरवतोय आणि हा थ्रेशोल्डपर्यंत काहीच करत नाही आणि मग एका क्षणात गेट खाली आपटतो. म्हणजे नुसता नॉन-इनव्हर्टिंग असून भागत नाही, इनपुट जसा हलेल तसाच आउटपुट हलवणारा पाहिजे, आणि ते काम साधा एमिटर फॉलोअरच करतो. हा आयसी त्याच्या जागी उत्तम आहे, साध्या एसएमपीएसला मी आजही लावतो, पण डेसॅटवाल्या ड्रायव्हरच्या पुढे नाही.

आता जोडीचे तोटे, कारण आहेत. ३१६जेच्या आत वरच्या बाजूला डार्लिंग्टन आहे, त्यामुळे आउटपुट सप्लायपेक्षा साधारण २ व्होल्ट खाली राहतो, त्यात बफरचा अजून ०.७ जातो. म्हणजे १५ व्होल्टचा सप्लाय दिला तर गेटला बारा-साडेबारा. आयजीबीटीला हे कमी पडतं, कंडक्शन लॉस वाढतो. मी +१८ आणि −८ दिले, बेरीज २६, आयसीची मर्यादा ३० ची, गेटला साधारण १५ मिळतात. आउटपुटला निगेटिव्हकडे ४७ किलोओहमचा पुलडाउन डेटाशीट सांगतं तो सोडू नका, तो नसेल तर हाय लेव्हल तरंगत राहते आणि थंड-गरम झाल्यावर गेटचा व्होल्टेज सरकतो. बंद अवस्थेतही गेट निगेटिव्हपर्यंत पूर्ण जात नाही, अर्धा-पाऊण व्होल्ट वर थांबतो, पण −८ असल्यावर काही फरक पडत नाही. निगेटिव्ह सप्लाय नसेल, नुसता शून्यावर बंद करत असाल, तर मात्र हा अर्धा व्होल्ट आणि मिलर करंट (कलेक्टरचा व्होल्टेज झपाट्याने चढताना गेटमध्ये शिरणारा करंट) मिळून त्रास देतात, तिथं मिलर क्लॅम्प असलेला ड्रायव्हर बघा, आणि क्लॅम्पचा पिन बफरला टाळून थेट गेटवर न्या.

डीकपलिंग, म्हणजे करंटचा झटका जागेवरच पुरवणारे कपॅसिटर, याबद्दल थोडं जास्त सांगतो कारण इथंच सगळे चुकतात. लोक कपॅसिटर आयसीजवळ लावतात, सवयच आहे ती. पण आता मोठा करंट आयसीतून जातच नाही, ट्रान्झिस्टरमधून जातो, मग कपॅसिटर ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला चिकटून पाहिजे. प्रत्येक वेळी ३ मायक्रोकूलॉम त्यातून जाणार, व्होल्टेज ०.३ पेक्षा जास्त हलू द्यायचा नसेल तर ३ भागिले ०.३, म्हणजे १० मायक्रोफॅरड, आणि तेवढाच दुसरा खालच्या बाजूला आयजीबीटीचा एमिटर ते निगेटिव्ह, कारण बंद होतानाचा करंट तिथून फिरतो. सिरॅमिक घेतला तर डीसी व्होल्टेजखाली त्याची किंमत बरीच उतरते, १० लिहिलेलं असलं तरी १८ व्होल्टवर १० मिळत नाहीत, म्हणून मी ५० व्होल्टचे दोन-दोन समांतर लावलेत. आयसीजवळ एक छोटा वेगळा. बफर, गेट रेझिस्टर आणि हे कपॅसिटर मी मॉड्यूलवर स्क्रूने बसणाऱ्या छोट्या बोर्डावर घेतले, गेट-एमिटरला तिथंच १० किलोओहम.

तापण्याची भीती नको. ३ मायक्रोकूलॉम, २२.५ व्होल्ट, ४ किलोहर्ट्झ, गुणाकार केला तर ०.२७ वॅट, तोही गेट रेझिस्टर, मॉड्यूलच्या आतला रेझिस्टर आणि दोन ट्रान्झिस्टर मिळून वाटून घेतात. पूर्ण लोडवर बोट ठेवता येतं. ३१६जेच्या आउटपुट बाजूची मर्यादा ६०० मिलीवॅटची आहे, बफरमुळे तिथला भार जवळजवळ संपतो, आयसी थंड राहतो, आणि ऑप्टो थंड राहणं त्याच्या आयुष्यासाठी चांगलंच.

डेसॅटची बाजू बफरमुळे बदलत नाही, तो कलेक्टरच बघतो. १०० पिकोफॅरड, आयसीचा आतला २५० मायक्रोअँपियर, ७ व्होल्टचा थ्रेशोल्ड, म्हणजे २.८ मायक्रोसेकंदांचं ब्लँकिंग, तेवढा वेळ डेसॅट काही बोलत नाही. मॉड्यूल शॉर्टमध्ये १० मायक्रोसेकंद टिकतो असं धरलं तर ब्लँकिंग, आतला उशीर आणि आपला हळू बंद व्हायचा दीड मायक्रोसेकंद मिळूनही बरीच जागा उरते. तिथली डायोड फास्ट पाहिजे, मी दोन यूएफ४००७ सिरीजमध्ये आणि १०० ओहम. बफर आणि त्या १० ओहम-१० नॅनोमुळे थोडा उशीर वाढतो, तो आयसीच्या ५०० नॅनोसेकंदांच्या उशिरात मिळवून डेड टाइम (वरचा आणि खालचा आयजीबीटी दोन्ही बंद ठेवायचा वेळ) ठरवा, मी ३ मायक्रोसेकंद ठेवलाय.

खरेदीबद्दल. पहिली खेप पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या गल्लीतून घेतली, दुकानाचं नाव लिहीत नाही. २० नगांतले ७ असे निघाले की मल्टीमीटरवर डायोड टेस्ट बरोबर, पण २ अँपियर सोडला की गेन पंधरा-वीस. वरचं प्रिंटिंग नखाने निघत होतं. नुसत्या मल्टीमीटरवर हे कळलंच नसतं. तेव्हापासून मी ऑनलाइन मोठ्या डिस्ट्रिब्युटरकडूनच मागवतो, शिपिंग लागतं पण मन शांत राहतं, आणि तरीही प्रत्येक खेपेतले चार-पाच नग करंट देऊन तपासतो. ३१६जेच्या बाबतीत तर सेकंडहँड बोर्डावरून काढलेला घेऊच नका, आतली एलईडी किती वर्षं चाललीय ते बाहेरून दिसत नाही.

तपासायची पद्धतही देतो, हिला हाय व्होल्टेज लागत नाही, घरी टेबलावर होते. गेटच्या जागी ०.१५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, ३ मायक्रोकूलॉम भागिले २२ व्होल्ट केलं की जवळपास तेवढाच येतो. डेसॅट डायोडची कलेक्टरकडची बाजू तारेने आयजीबीटीच्या एमिटरच्या पॉइंटला जोडा, सिग्नल द्या, आउटपुट वर गेला पाहिजे आणि फॉल्ट नको. आता ती तार काढा. आयसीला वाटणार कलेक्टर वर गेला, शॉर्ट आहे, तो फॉल्ट देणार. स्कोप गेटच्या कपॅसिटरवर सिंगल शॉटला ठेवा. रेघ साधारण सरळ उतारासारखी दीड-दोन मायक्रोसेकंदात उतरली तर बरोबर. एकदम कोसळली तर १० नॅनो चुकलाय, नाहीतर सोल्डर झालेला नाही, नाहीतर पीएनपीच्या जागी दुसरंच काहीतरी बसलंय. आमच्याकडचा पोरगा हा टेस्ट सहाही चॅनेलला करून स्कोपचा फोटो बोर्डाबरोबर फाइलमध्ये लावतो, एका चॅनेलला पाच मिनिटं लागतात.

शिरोलीचा ड्राइव्ह दीड वर्षापासून चालू आहे. मध्ये पावसाळ्यात मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये पाणी गेलं, दोन फेज एकमेकांना भिडल्या, साहेबांचा फोन आला की डिस्प्लेवर फॉल्ट आलाय, आता मॉड्यूल बदलावे लागतील का. मी मीटर घेऊन गेलो. तिन्ही मॉड्यूल ठीक होते, सहाही गेट ठीक होते, फक्त फॉल्ट धरून बसला होता. बॉक्स वाळवला, ग्लँड बदलली, मेगरने इन्सुलेशन तपासलं, रीसेट दिला आणि ब्लोअर सुरू झाला. नंतर साहेबांनी दुसऱ्या शेडमधल्या तसल्याच ड्राइव्हचा बोर्ड दाखवायला आणला, तो आधी कुणीतरी बनवून दिलेला होता. ३१६जे ओरिजिनल, ट्रान्झिस्टर ओरिजिनल, सोल्डरिंग माझ्यापेक्षा स्वच्छ, आणि १० नॅनोच्या जागी दोन रिकामे पॅड. सहाच्या सहा चॅनेलला. मी ते तिथंच भरून दिले.